कान नसलेलं स्थळ

मला एकाच माणसाची दोन स्थळं सांगून आली होती, आणि त्यातल्या एकाला मी नकार दिला होता. हे सांगितलं की लोक मला वेड्यात काढतात. पण आमच्या घरात वाढलेल्या कुणालाही ते लगेच पटेल. आमच्याकडे फोटो हातात आला की त्यात माणूस कोण आहे हे सगळ्यात शेवटी बघायची पद्धत होती. आधी बघायचं ते तो कुठल्या भिंगातून काढलाय.

श्रीरामपूरला स्टेशनाकडून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता. मालक दोन, माझे वडील आणि काका. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. भाऊ सख्खे, चूल एक, गल्ला एक, पण कॅमेरे दोन, आणि त्या दोन कॅमेऱ्यांवरून घरात रोज जेवढं भांडण व्हायचं तेवढं जमिनीवरून भाऊबंदांत होत नसेल.

दादांचा कॅमेरा म्हणजे तिपाईवर उभं केलेलं लाकडी धूड. काळ्या फडक्यात डोकं खुपसून त्यातून बघायचं. त्याच्या तोंडावर तांब्याएवढं पितळी नळकांडं होतं आणि त्यात ते भिंग. मायदेशी परत निघालेल्या एका मिशनच्या पाद्र्याकडून दादांनी ते घेतलं होतं, आणि रोज सकाळी देवाच्या आधी ते त्यालाच पुसायचे. त्या भिंगाचा स्वभाव असा, की डोळ्यांवर धरलं तर पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा, पण कानापर्यंत येईतो सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. आणि त्याच्याही मागे म्हणजे नुसता भोवरा. आमच्या मागच्या पडद्यावर रंगवलेला राजवाडा, तळं आणि एक हंस होता. दादांच्या फोटोत तो हंस राजवाड्यासकट गरगर फिरत बुडताना दिसायचा.

काकांचा कॅमेरा गळ्यात अडकवायचा डबा होता, एकावर एक दोन डोळे असलेला. वरून खाली मान घालून त्यात बघायचं. त्याला लहानथोर काही कळायचं नाही. माणसाच्या नाकापासून हंसाच्या चोचीपर्यंत सगळं सारखंच कडक. पडदा उंदरांनी कुरतडला होता तिथे आईने जुन्या धोतराचं ठिगळ लावलं होतं, ते काकांच्या फोटोत राजवाड्याच्या दारावर ठसठशीत दिसायचं.

"फोटो माणसाचा काढतोस का पडद्याचा?" दादा भाकरी मोडता मोडता विचारायचे. काका म्हणायचे, गिऱ्हाईक अख्खं येतं, त्याला कान कापून परत पाठवायचं हा कुठला धंदा. मग आमटी गार व्हायची.

खरं सांगायचं तर गिऱ्हाईक काकांच्या बाजूचं होतं. सोनईचा एक शेतकरी प्रदर्शनात पहिला आलेला बैल घेऊन थेट स्टुडिओच्या अंगणात आला होता. बैलाच्या पाठीवर हात ठेवून तो रुबाबात उभा राहिला. दादांनी नेम धरला त्याच्या डोळ्यांवर. फोटो झाला तो खरोखर देखणा होता. शेतकऱ्याच्या डोळ्यांत सगळा आनंद उतरला होता आणि बैलाच्या जागी एक पांढरा ढग होता. त्याने फोटो उलटासुलटा करून बघितला आणि बैल कुठे गेला म्हणून विचारलं. दादांनी त्याला चेहऱ्यावरचा भाव बघायला सांगितला. त्यावर तो म्हणाला, "माजं थोबाड मी रोज बगतो. बक्षीस बैलाला हाय." मग काकांनी डबा गळ्यात घातला. त्या फोटोत बैलाची लव न् लव आली आणि शेतकऱ्याचे डोळे नेमके मिटलेले आले. तरी तो खूष होऊन गेला.

दादांच्या पितळी नळकांड्याला वरून एक खाच होती. तिच्यात सरकवायच्या पितळी पट्ट्या पाद्र्याने बरोबर दिल्या होत्या. प्रत्येक पट्टीला मधोमध एक भोक, कुठे मोठं, कुठे लहान. भोक जितकं लहान तितकं मागचं-पुढचं सगळं स्पष्ट होत जाणार, फक्त माणसाला जास्त वेळ न हलता बसावं लागणार. दादांनी त्या पट्ट्या एका जुन्या पानाच्या डब्यात टाकून माळ्यावर ठेवल्या होत्या. भोकातूनच बघायचं असेल तर कॅमेरा कशाला हवा, दाराला फट आहे की, असं ते म्हणायचे. त्या डब्याला आमच्या घरात कुणी हात लावत नव्हतं.

आता माझं. मला लहानपणी देवी आल्या होत्या. वाचले, पण जाताना देवी गालांवर आणि कपाळावर पाऊलखुणा ठेवून गेली. ज्वारीचे दाणे चिखलात दाबून काढून घ्यावेत, तसं माझं तोंड आहे. आणि घरात काम मला कुठलं मिळालं असेल? रिटचिंगचं. तिरप्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशाने उजेड घ्यायचा, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीने लोकांच्या तोंडावरचे खड्डे, सुरकुत्या, पुटकुळ्या भरून काढायच्या. अकरावी झाल्यावर मी पूर्ण वेळ तेच करत होते. श्रीरामपुरातल्या निम्म्या नवऱ्यामुलींची कातडी माझ्या पेन्सिलीने केलेली होती. माझ्याइतका हलका हात दादांचाही नाही, हे दादाच सांगायचे.

माझं लग्नाचं वय झालं तेव्हा दादांनी माझा फोटो काढला. पितळी भिंग सताड उघडं ठेवून काढला आणि ती एकच निगेटिव्ह त्यांनी मला हाताळू दिली नाही. स्वतः बसून भरली. त्यांचे डोळे पाणावायचे म्हणून मधेमधे चष्मा पुसत होते. फोटो झाला तेव्हा माझं तोंड सोललेल्या अंड्यासारखं झालेलं होतं. मागे हंस गरगरत होता.

त्या फोटोवर लोक येऊ लागले. यायचे, बसायचे, मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर यायची, आणि ते माझ्याकडे बघून मग दाराकडे बघायचे. फोटोतली अजून यायची आहे असं त्यांना वाटायचं. एका बाईने तर माझ्या हातून बशी घेता घेता आईला विचारलं, आणि मुलगी कुठे आहे? मला तिथे हसू फुटलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मी रडले, आणि त्याला कांद्याचं निमित्तही शोधलं नाही. माणसं फसवल्यासारखी तोंडं करून चपला घालायची, आणि फसवणारी मी. एवढा अपमान मला देवीच्या व्रणांनी कधी केला नव्हता जेवढा त्या गुळगुळीत फोटोने केला.

शेवटी मी सांगून टाकलं की त्या फोटोवर आलेल्या कुणासमोर मी आता बसणार नाही. माझं तोंड आहे तसं आधी पाठवा. ते बघून जो येईल तो येईल, आणि कुणीच आलं नाही तर पेन्सिल आहेच हातात. दादा चष्मा पुसत बसले. काकांनी मात्र भर दुपारी मला अंगणातल्या भिंतीला टेकवून उभं केलं आणि डब्याने फोटो काढला. त्यांची निगेटिव्ह इतकी बारकी, की पेन्सिल टेकवायला जागाच नाही. जे आहे ते सगळं आलं. भिंतीचे पोपडे आले, माझ्या गालाचे खड्डे आले, दोन्ही एकमेकांना शोभून दिसत होते. फोटोतली बाई मला पहिल्यांदाच ओळखीची वाटली. दादांनी तो फोटो बघितला आणि टेबलावर पालथा ठेवला.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. गावोगावी विहिरींनी तळ दाखवला होता आणि लग्नं लांबणीवर पडत होती. तशात आमच्याकडे एका आठवड्यात दोन स्थळं आली. एक बाजारातल्या ओळखीच्या आडत्याने आणलं. दौंडच्या कुणाचा तरी भाचा, यंत्रकाम करणारा. दुसरं मावशीने आणलं. मावशी दिली होती काष्टीकडे. तिच्या म्हणण्याप्रमाणे मुलगा तिथला, विहीर-इंजिन असलेला. एकाच्या चिठ्ठीत पाळण्यातलं नाव होतं, दुसऱ्याच्या चिठ्ठीत घरातलं हाकेचं. आडनाव दोघांचं एकच, पण त्या आडनावाने अर्धा श्रीगोंदा तालुका भरलेला असल्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. माझे फोटोही तसेच वाटले गेले. आडत्याला दादांनी सोललेलं अंडं दिलं होतं, पसंत पडलं तरच घराचं नाव सांगायचं या अटीवर, आणि मावशीच्या पिशवीत काकांनी गुपचूप भिंतीचा फोटो सरकवला होता.

दोन्ही मुलांचे फोटो जेवणाच्या पाटाशेजारी मांडले आणि घराची दोन राज्यं झाली.

आडत्याचा फोटो पुण्याच्या कुठल्यातरी भारी स्टुडिओतला होता. नुसता चेहरा, भांग पाडलेला, डोळे असे की आत्ता बोलतील. पण कान नव्हते. कानांच्या जागी धूर होता आणि मागे तर काही नव्हतंच. दादा तो फोटो हातातून सोडेनात. भिंग पूर्ण उघडं ठेवलंय, हिंमतवान माणूस दिसतो, असं म्हणाले. ते फोटोग्राफरबद्दल बोलत होते. मावशीच्या फोटोत लख्ख उन्हात एक विहीर होती, तेलावरचं इंजिन होतं, पाइप होता, मागे कांद्याचे हिरवेगार वाफे होते आणि मधे टोपी घातलेला, उन्हाने डोळे बारीक केलेला एक माणूस होता. काकांनी बहिर्गोल काच आणून इंजिनाचे नट मोजले आणि चारी कोपरे कडक असल्याचा निर्वाळा दिला. आईने विचारलं, दिसायला कसा आहे? काका म्हणाले, कडक. दादा म्हणाले, लोण्यासारखा. आई कपाळावर हात मारून भांडी घासायला गेली.

मी तरी काय वेगळी होते? मीही काच घेऊन बसले आणि दोन्ही फोटोंची पार्श्वभूमीच तपासली. मग निकाल दिला. ज्याच्या मागे एवढं धुकं केलंय त्याच्या मागे काहीतरी लपवण्यासारखं आहे. आपण स्वतः तेच करतो, आपल्याला कळायला नको? विहिरीवाल्याचं सगळं उघडं आहे, त्याला बोलवा, आणि बिनकानाच्याला नकार कळवा. मी हे बोलत असताना दादा माझ्याकडे बघत होते. मी धुक्याला नकार देत होते म्हणजे कुणाला देत होते, हे त्यांना कळलं आणि मलाही. तरी मी बोलणं मागे घेतलं नाही. मला त्यांचा राग आला होता.

काष्टीचा मुलगा मामाला घेऊन रेल्वेने आला. मी पोहे घेऊन बाहेर गेले. तो माझ्याकडे बघत होता, दाराकडे नाही, एवढं मी टिपलं. पण मामांना आल्यापासून काहीतरी डाचत होतं. दोन घास झाल्यावर ते बाहेर पडलं. याच गावातल्या एका मुलीकडून परवाच नकार आला म्हणे, आडत्यामार्फत. मुलगी फार देखणी होती, पण आम्ही तसलं मनाला लावून घेत नाही. असं म्हणत त्यांनी कोटाच्या खिशातून फोटो काढला आणि दादांपुढे धरला. "मागं शिक्का तुमच्याच इष्टुडिओचा हाय. कोनाची म्हनायची ही पोरगी?"

सोललेलं अंडं. मागे हंस.

दादा आढ्याकडे बघायला लागले. काकांच्या घशात पोहे अडकले. तेव्हा कुठे आमच्या घरातल्या सगळ्यांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, फोटोतल्या तोंडाचा विचार करून समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. टोपी काढून मांडीवर ठेवली होती. भांग पाडलेला होता. डोळे आत्ता बोलतील असे होते. ते दोन्ही फोटो आम्ही चार दिवस पाटाशेजारी ठेवून जेवलो होतो.

"ती मीच," मी म्हणाले.

मामांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यांप्रमाणे दाराकडे बघितलं. आता चहा होणार, चपला घातल्या जाणार आणि मी परत फसवणारी ठरणार. यावेळी तर मी आपणहून खरं तोंड पाठवायला लावलं होतं, तरी ते अंडं आधी पोचलं होतं. मी ट्रे खाली ठेवला.

"मामा, मला ठावं हुतं," तो म्हणाला. "दोन्ही फोटू शेजारी ठिवले की दिसतंय. नाक येकच हाय की."

मामांनी विचारलं, मग तेव्हा का बोलला नाहीस.

"बोललो अस्तो तर तुमी आला नसता." मग तो माझ्याकडे वळला. "नकार कुनी दिला?"

"मी."

"आन् बोलावलं?"

"तेही मीच."

त्याला हसू येत होतं पण ते त्याने दाबलं आणि आपल्यात वाईट काय निघालं ते विचारलं. मी सांगितलं. तुमच्या मागे धुकं होतं आणि तुम्हाला कान नव्हते. दुसऱ्या फोटोत सगळं दिसत होतं, विहीर, इंजिन, कांदा. मला काही लपवलेलं नको होतं.

त्यावर तो गंभीर झाला. बशी खाली ठेवली. मामा खाकरले, ते त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मंग ऐका. ती हिर माजी न्हाई. कांदा बी न्हाई. मी इंजन दुरुस्त कराया गेल्तो, तितं मालकानं फोटूवाला बोलावला हुता. त्यानं मला बी हुबं केलं. आमचं रान कोरडं पडलंय. मी गावोगाव फिरून इंजनं दुरुस्त करतो, त्येवढंच माजं हाय."

माझा सगळा सिद्धान्त तिथे आडवा झाला. चारी कोपरे कडक, आणि एकही कोपरा त्याचा नाही. ज्या फोटोवर मी विश्वास टाकला त्यात मळा दुसऱ्याचा होता, आणि ज्याला लबाड म्हणून हाकललं त्यात निदान तोंड तरी त्याचं होतं. काकांचा चेहरा पडला. दादांचा त्या दिवसात पहिल्यांदा उजळला. आमच्या घरात माणुसकी ही अशी. मुलीचं लग्न मोडायला आलंय आणि ह्यांचं आपलं भिंग जिंकलं का हरलं तेवढंच चाललंय.

"कान तरी तुमचेच ना?" काकांनी विचारलं.

त्याने कान चाचपून बघितला. "व्हय. त्ये माजंच."

तेव्हा मी हसले, आणि हसतानाच मला कळलं की हा माणूस मला हवा आहे. विहीर नसताना नाही म्हणून सांगायला मामाचं खाकरणं डावलावं लागलं होतं त्याला. नवरीमुलीने अशा वेळी आत जायचं असतं, मग आईने हळूच विचारायचं आणि मुलीने पदराचं टोक चावायचं. एवढं सगळं करायला माझ्यात धीर नव्हता. "दादा, मला पसंत आहे," मी तिथेच म्हणाले. आईने पदरात तोंड लपवलं. मामांनी घरी जाऊन विचार करून कळवतो असं म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर भाचा म्हणाला, "मला बी."

लग्न साधंच झालं. फोटो कोण काढणार यावरून मांडवातच जुंपणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. काका डबा गळ्यात घालूनच वावरत होते. पण दादा म्हणाले, जोडीचा फोटो स्टुडिओत, माझ्या कॅमेऱ्यावर. मी मान डोलावली. एक दिवस अंडं व्हायचं तर होऊ, त्यांचं मन मोडायचं नव्हतं मला.

आम्ही हंसासमोर बसलो. दादांनी फडक्यात डोकं घातलं, नेम धरला, बाहेर आले. मग स्टूल घेतलं आणि माळ्यावरून तो पानाचा डबा काढला. फुंकर मारून धूळ उडवली, पट्ट्या चाळल्या आणि सगळ्यात बारीक भोकाची पट्टी घेऊन पितळी नळकांड्याच्या खाचेत सरकवली. ती घट्ट बसत होती, म्हणून अंगठ्याने दाबावी लागली. काका दारात उभे होते, त्यांनी गळ्यातला डबा काढून ठेवला.

"वेळ लागेल," दादा मला म्हणाले. "हलू नकोस."

त्यांनी भिंगावरचं झाकण काढलं आणि हळूहळू आकडे म्हणायला लागले. मला त्यांच्याकडेच बघायचं होतं. आकडे म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसत गेला.

तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. त्यात ह्यांचे दोन्ही कान आहेत. हंसाची चोच आहे, राजवाड्याच्या दारावरचं धोतराचं ठिगळ टाक्यांसकट आहे. माझ्या गालावरचा आणि कपाळावरचा प्रत्येक खड्डा आहे, निगेटिव्हवर पेन्सिल टेकवलेली नाही. फक्त माझे डोळे तेवढे धूसर आले आहेत. दादांनी निगेटिव्हची काच धुऊन उजेडात धरली आणि म्हणाले, डोळे हलवलेस, वाया घालवलीस. मग त्यांनी त्याची मोठी प्रत काढली आणि दुकानाच्या दर्शनी भागात लावली.